मोटारीच्या मागच्या टायरांची विषम झीज : तिचीं कारणें व परीक्षा

मोटारीचे मागचे टायर वेळेच्या आधीं गोटा झाले म्हणजे बहुतेक मालक दोन गोष्टी करतात. टायरच वाईट निघाला म्हणून दुकानदारास बोल लावतात, आणि नवी जोडी घालून मोकळे होतात. पहिल्या गोष्टीनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. दुसरीनें मात्र मालकाचें नुकसान होतें. कारण ज्या दोषानें जुनी जोडी खाल्ली तो गाडींत तसाच राहतो, व नवी जोडीही त्याच वाटेनें जाते. बैलगाडीची धाव एकीकडूनच झिजूं लागली तर जाणता शेतकरी लोहाराकडे नवी धाव मागण्यापूर्वीं आंस व तुंबा पाहतो. मोटारीच्या बाबतींत हीच दृष्टि आपण कां सोडतों, हें आम्हांस कळत नाहीं.

या लेखांत जुन्या गाडीच्या मागच्याच चाकांचा विचार केला आहे, तो दोन कारणांसाठीं. पुढचीं चाकें वळतात, त्यांचे कोन कमी-अधिक करण्याची सोय असते, आणि गांवोगांवच्या अलाइनमेंटच्या दुकानांत बहुधा तेवढेंच काम होतें. मागचीं चाकें वळत नाहींत, म्हणून तीं सरळच असणार असें गृहीत धरलें जातें व त्यांकडे कोणी पाहत नाहीं. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी वळण न घेतां सरळ जाऊं लागते. चालकाच्या हातांस तें लगेच कळतें, व वेग कमी करून पुष्कळदां सावरतां येतें. मागचे टायर घसरले तर गाडीचा मागचा भागच बाहेर पडतो आणि गाडी स्वतःभोवतीं फिरते. मग सराईत चालकाच्याही हातीं फार थोडें उरतें. पावसाळ्यांत आंबा घाटानें किंवा कुंभार्ली घाटानें मुलाबाळांसह उतरणाऱ्यानें मागच्या टायरांची नक्षी पुढच्यांहून अधिक काळजीनें पाहिली पाहिजे.

प्रथम आपल्या गाडीची मागची रचना कोणती तें समजून घ्यावें, कारण एकाच प्रकारच्या झिजेचा अर्थ दोन रचनांत वेगळा होतो. २०१४ सालीं निर्मिति थांबलेली अँबॅसडर, २०१९ पर्यंत निघालेली टाटा सुमो, महिंद्राच्या जुन्या जीपा व बोलेरो या गाड्यांत मागें एक अखंड आंस असून तो पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेला असतो, व इंजिनाची शक्ति याच आंसास मिळते. १९८३ ते २०१४ या काळांत निघालेल्या मारुती ८०० मध्येंही मागें आंस अखंडच आहे. परंतु शक्ति पुढच्या चाकांस असल्यामुळें मागचीं चाकें केवळ ओढलीं जातात. १९९८ ते २०१८ या काळांतील टाटा इंडिकेची गोष्ट निराळी. तिचें प्रत्येक मागचें चाक आपापल्या स्वतंत्र भुजेवर वर-खालीं होतें.

टायर उतरविण्यापूर्वीं त्याची हकीकत विचारावी. टायर चारही चाकांवर आळीपाळीनें फिरविण्याची चाल चांगली आहे, पण तिच्यामुळें परीक्षेंत मोठी फसगत होते. सहा महिन्यांपूर्वीं जो टायर पुढें होता त्याची बाहेरची कड तेव्हांच गेलेली असते. आज तो मागें दिसतो म्हणून दोष मागच्या आंसावर येतो, आणि मिस्त्री नसलेल्या रोगावर औषध करीत बसतो. यासाठीं कोणता टायर कोणत्या चाकावरून कोठें व किती किलोमीटरांस गेला, हें वहींत टिपून ठेवावें. ज्यांनीं टिपलें नसेल त्यांनीं आज मापें घ्यावीं, टायर आहेत तेथेंच राहूं द्यावेत, आणि दोन-तीन हजार किलोमीटरांनंतर तींच मापें पुन्हां घ्यावीं. या अवधींत जेथें रबर इतरांहून अधिक गेलें, तेथेंच आजचा रोग आहे.

माप घेणें अवघड नाहीं. खोली मोजण्याचें लहान गेज मिळतें; तें नसल्यास काडेपेटीची काडी खांचेंत उभी धरून नखानें खूण करावी व पोलादी पट्टीवर मोजावी. आंतली, मधली व बाहेरची अशा तीन खांचा, आणि टायरच्या घेरावर चार ठिकाणें, म्हणजे एका टायरचे बारा आंकडे होतात. खांचांच्या तळाशीं मधून मधून रबराचे लहान उंचवटे असतात, तेथें माप घेऊं नये. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीस आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली असें समजावें. मोटारीच्या टायरांस कायद्यानें घातलेली किमान मर्यादाही तीच आहे. आंतल्या खांचेचें माप चुकवूं नये. तें घेण्यास जमिनीवर आडवें व्हावें लागतें म्हणून कोणी घेत नाहीं, आणि सर्वांत धोक्याची झीज नेमकी तेथेंच लपते.

बारा आंकडे समोर आले म्हणजे निम्मी परीक्षा झाली. मधली खांच दोन्ही कडांपेक्षां उथळ असेल तर हवा जास्त राहिलेली आहे. दोन्ही कडा मधल्या भागापेक्षां उथळ असतील तर हवा कमी, किंवा भार जास्त. हें पुष्कळांस ठाऊक असतें, तरी दोन चुका सर्रास होतात. हवा भरणारा मनुष्य टायरच्या अंगावर छापलेला आंकडा पाहतो व तितकी हवा भरतो. तो आंकडा त्या टायरास सोसणाऱ्या कमाल दाबाचा आहे. आपल्या गाडीस लागणाऱ्या हवेचा नव्हे. गाडीचा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेंत सांपडतो, आणि भरलेल्या गाडीसाठीं मागच्या चाकांचा आंकडा पुष्कळदां वेगळा व अधिक दिलेला असतो. दुसरी चूक तापलेल्या टायरांत हवा मोजण्याची. तपमान साडेपांच अंश सेल्सिअसनें वाढलें कीं आंतला दाब अदमासें एक पौंड वाढतो. उन्हाळ्यांत वीस मैल पळून आलेल्या गाडीचा दाब त्यामुळें चार-पांच पौंड जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडली कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं टायर तेवढाच उपाशी असतो. हवा सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं मोजावी. शंभर-दोनशें रुपयांचें स्वतःचें गेज घरीं ठेवलेलें बरें.

भाराविषयीं शेतकऱ्यास वेगळें सांगण्याची गरज नसावी, पण आहे. युरियाचें पोतें ४५ किलोचें. अशीं आठ पोतीं मागें टाकलीं कीं ३६० किलो होतात, म्हणजे सुमारें पांच माणसांचें वजन, आणि तें जवळजवळ सगळें मागच्या आंसावर येतें. हवा मात्र रिकाम्या गाडीचीच राहते. अशा खेपांत टायरचें मधलें अंग आंत दबतें, दोन्ही खांदे रस्त्यावर रगडले जातात, आणि बाजूचा पडदा प्रत्येक फेऱ्यास दुमडून तापतो. रबराची झीज डोळ्यांस दिसते. पडद्यांतील धागे थकतात ते दिसत नाहींत. भार रोजचा नसेल तर निघण्यापूर्वीं हवा वाढवावी व परत आल्यावर कमी करावी. आणि गाडीस झेपत नसेल तर दोन खेपा कराव्या.

आतां एकाच कडेची झीज. हा दोष हवेचा नसतो. चाक एक तर कललेलें उभें आहे, किंवा तिरकें चाललें आहे. चाकाचा माथा आंत किंवा बाहेर झुकणें यास मिस्त्री कॅम्बर म्हणतात. चाकाचें तोंड आंत किंवा बाहेर वळणें यास टो म्हणतात. दोहोंतला फरक यंत्राशिवाय हाताच्या तळव्यानें कळतो. मात्र टायरच्या पोलादी तारा उघड्या पडल्या असतील तर हात लावूं नये. असा टायर त्याच दिवशीं काढावा. माथा झुकलेल्या चाकाची कड गुळगुळीत झिजते. तोंड वळलेल्या चाकाच्या नक्षीवर करवतीसारखी धार येते. तळवा नक्षीवरून बाहेरून आंत फिरवावा, नंतर आंतून बाहेर. आंत जातांना मऊ व बाहेर येतांना धार लागली तर चाकाचें तोंड आंत आहे. उलट लागलें तर तोंड बाहेर आहे. ही तिरकस क्षुल्लक वाटते, म्हणून एक हिशेब देतों. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर धरला, व त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षां ३ मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक सूत, आंत असली, तर तें चाक दर किलोमीटरास ५ मीटर आडवें फरफटतें. हजार किलोमीटरांत ही फरफट पांच किलोमीटर होते. एवढ्या रगडण्यापुढें कोणत्याही कंपनीचा टायर टिकणार नाहीं.

अखंड आंसाच्या गाडींत हे कोन कारखान्यांतच कायम झालेले असतात. ते फिरविण्यास बोल्ट नसतो. म्हणून अशा गाडीच्या मागच्या टायराची एकच कड जात असेल तर कांहीं तरी सैल झालें आहे किंवा वांकलें आहे, असेंच समजावें. चाक जॅकवर उचलून पाहावें. त्यापूर्वीं पुढच्या चाकांस दोन्हीकडून दगड लावावेत, व गाडीखालीं भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही अंग आंत घालूं नये. उचललेलें चाक वर व खालीं धरून हलवावें. खडखड लागली तर बेअरिंग गेलें आहे. मग गियर मोकळा ठेवून व हँडब्रेक सोडून चाक फिरवावें, आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. खडू एकाच ठिकाणीं लागला तर रिम वांकली आहे. बेअरिंग व रिम दोन्ही नीट असून कड जात असेल, तर आंसाचें कवच वांकल्याचा संशय घ्यावा. भरल्या गाडीनें मोठ्या खड्ड्यांत आदळल्यानें तें वांकतें. कवच तापवून सरळ करून देणारे कारागीर भेटतात. आमच्या मतें त्या वाटेस जाऊं नये, कारण तापविलेल्या पोलादाचें बळ पूर्ववत् राहत नाहीं, व तो आंस कुटुंबाचा भार वाहणार आहे.

पाट्यांच्या गाडींत आणखी एक दोष होतो. आंस पाट्यांशीं यू-बोल्टांनीं आवळलेला असतो, आणि पाट्यांतून जाणारा सेंटर बोल्ट त्यास जागेवर धरतो. यू-बोल्ट सैल होऊन सेंटर बोल्ट तुटला कीं आंस एका बाजूनें मागें सरकतो, व गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. येथें एक प्रचलित समजूत दुरुस्त करावीशी वाटते. आंस सबंधच फिरला असतां दोन्ही मागचीं चाकें एकमेकांशीं समांतर राहतात, व आपल्या रोखानें नीट गडगडतात. त्यामुळें केवळ एवढ्यानें मागचे टायर फारसे झिजत नाहींत. तक्रार येते ती सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वांकडें धरावें लागतें ही. परंतु बोल्ट सैल राहून आंस प्रत्येक ब्रेकास व प्रत्येक धक्क्यास मागें-पुढें होत असेल, तर टायर खात्रीनें खाल्ला जातो. परीक्षा सोपी आहे. पाट्याच्या पुढच्या टोंकाच्या पिनेपासून आंसापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंनीं टेपनें मोजावें. तें सारखें हवें. दोन सुतांचा फरक पडला तर आंस सरकला असें मानून बोल्ट पाहावेत. आंसाच्या बैठकीजवळ तांबूस गंजाची ओघळ किंवा घासून चकाकलेली जागा दिसली तर मापाचीही वाट पाहूं नये. यू-बोल्ट आवळून घेणें हें थोडक्या पैशांचें काम आहे. पाटे नवे बसविल्यावर कांहींशें किलोमीटरांनीं ते पुन्हां आवळावे लागतात, आणि हेंच राहून जातें.

स्वतंत्र भुजांच्या गाडींत, म्हणजे इंडिकेसारख्या गाडींत, आंतली कड जाण्याची तक्रार अधिक. स्प्रिंगा वयानें बसल्या, भुजांचे रबरी बुश ढिले झाले, किंवा मागें भार टाकला, कीं चाकांचे माथे आंत झुकतात. गाडी सपाट जमिनीवर उभी करून वीस पावलें मागें जाऊन पाहावें. दोन्ही चाकें छपराच्या पाख्यांसारखीं एकमेकांकडे कललेलीं दिसतील. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजावी. एक बाजू खालीं असेल तर त्या बाजूची स्प्रिंग पाहावी. दोन्ही सारख्याच बसल्या असल्या तर ही तुलना फसते, म्हणून रिकाम्या गाडीचा कल डोळ्यांनीं पाहणें सोडूं नये. या झिजेंत बाहेरून टायर अर्धा-अधिक शाबूत दिसतो, व आंतल्या बाजूस पोलादाच्या तारा उघड्या पडलेल्या असतात. मालक नक्षी पाहून समाधान मानतो, आणि टायर धांवत्या गाडीखालीं फुटतो. उपाय स्प्रिंगा व बुश बदलण्याचा. नुसता टायर बदलण्याचा नव्हे.

घेरावर ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारीत चालतें. शॉक ॲबसॉर्बरमधून तेल ओघळलें आहे काय, त्याचे वरचे-खालचे बुश शाबूत आहेत काय, हें पाहावें. गाडीचा मागचा कोपरा जोरानें दाबून सोडावा. एकदां वर येऊन स्थिर झाली तर ठीक, झोके घेत राहिली तर शॉक ॲबसॉर्बर निकामी. ते नेहमीं जोडीनेंच बदलावेत. ओढल्या जाणाऱ्या मागच्या चाकांवर भार कमी असल्यामुळें, ज्यांची शक्ति पुढच्या चाकांस आहे अशा गाड्यांत ही झीज लवकर दिसते, व तिचा घूं-घूं आवाज पुष्कळदां बेअरिंगचा समजला जातो. घेरावर एकच सपाट चकती असेल तर ती ब्रेक अडकून चाक फरफटल्याची खूण होय.

दोन मागच्या टायरांपैकीं एकच झिजत असेल तर ब्रेकाकडे वळावें. ब्रेक किंचित् घासत राहिला तर टायर लागलाच झिजत नाहीं. ड्रम तापतो व पेट्रोल-डिझेल जास्त जातें. टायर जातो तो दोन्ही ब्रेक विषम लागल्यानें. चिखलांत व पाण्यांत सदा फिरणाऱ्या गाडीची हँडब्रेकची केबल गंजून अडकते व एक चाक धरून ठेवते. अँबॅसडर, जीप यांच्यासारख्या गाड्यांत आंसाच्या टोंकाचें ऑइल सील फाटून तेल ड्रमांत उतरतें. त्या बाजूचा ब्रेक एक तर लागत नाहीं, व मग दुसऱ्या चाकावर सगळा भार पडतो, किंवा तो अवचित् पकडतो व चाक अडकतें. पांच-सहा किलोमीटर ब्रेक कमी वापरून गाडी चालवावी व दोन्ही ड्रमांवर पाण्याचे थेंब टाकावेत. एकीकडे थेंब चर्र करून उडाले व दुसरीकडे नुसते ओघळले, तर दोष सांपडला.

आणखी एक कारण गाडींत नसून रस्त्यांत असतें. आपल्या एकेरी डांबरी रस्त्यांवर समोरून गाडी आली कीं डावीं चाकें साइडपट्टीवर उतरतात व पुन्हां वर चढतात. डांबराची तुटकी कड प्रत्येक वेळीं डाव्या टायराची बाहेरची कड व पडदा सोलते. डाव्या मागच्या टायरावर ओरखडे असून खांद्याचे तुकडे निघाले असतील, तर गाडी उघडण्याआधीं चालकाची उतरण्या-चढण्याची रीत पाहावी. तसेंच ओल्या शेतवाटेवर हलकें पडलेलें चाक जागींच गरगर फिरतें; तेथें एक्सलरेटर दाबीत राहण्यापेक्षां खालीं काट्याकुट्या टाकाव्या.

चारही चाकांचें मापन यंत्रावर करून देणारीं दुकानें तालुक्यांच्या ठिकाणीं आतां आहेत. तेथें पुढचें काम झाल्यावर मागच्या चाकांचे आंकडे छापलेला कागद मागून घ्यावा. अखंड आंस फिरवितां येत नाहीं म्हणून तो पुष्कळदां दिलाच जात नाहीं. डाव्या व उजव्या टोचे आंकडे जवळजवळ सारखे पण एक अधिक व एक उणा असा असेल, तर आंस सबंध सरकला आहे, व पाट्यांचे बोल्ट पाहावयाचे. दोन्ही अधिक किंवा दोन्ही उणे असून गाडीसाठीं ठरलेल्या मर्यादेबाहेर असतील, तर आंस वांकला आहे. एकाच चाकाचा आंकडा बिघडला असेल तर त्या बाजूचें बेअरिंग, बुश किंवा वांकलेला भाग शोधावा.

दोष काढल्यावरच नवी जोडी घ्यावी, आणि दोनच टायर घेतले तरी ते मागें घालावेत. शक्ति पुढच्या चाकांस असली तरीही. एका आंसावर दोन निरनिराळ्या मापांचे, किंवा एक रेडियल व एक साधा, असे टायर कधींही घालूं नयेत. विकत घेतांना टायरच्या अंगावरील शेवटचे चार अंक पाहावेत: २३२४ असे असतील तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. स्टेपनीचेही हेच अंक त्याच वेळीं वाचून घ्यावेत. न वापरलेला म्हणून ज्याची नक्षी नवी दिसते, तो टायर पुष्कळदां गाडीइतकाच जुना असतो, व त्याच्या पडद्यावर बारीक भेगा पडलेल्या असतात.